चाळिशीच्या उंबरठ्यावर कातडीची निगा

चामड्याची मोट चालविलेलीं माणसें आतां गांवोगांव थोडींच उरलीं आहेत. त्यांपैकीं कोणासहि विचारावें. तो सांगेल कीं, दिवसभर विहिरींत बुडणारी आणि रात्रीं थारोळ्याशीं वाळणारी ती मोट तेल पाजल्यावांचून टिकत नसे. भिजणें आणि वाळणें हा फेरा जितक्या वेळां होई, तितकें चामडें ताठर होत जाई आणि अखेरीस शिवणीपाशीं तडके. जिवंत माणसाची कातडी मोटेसारखी मेलेली नव्हे. ती आपलें तेल आपणच निर्माण करते व आपली झीज आपणच भरून काढते. म्हणूनच पंचविशींतल्या गड्यास तिची आठवणहि होत नाहीं. परंतु चाळिशीच्या सुमारास हें काम मंदावूं लागतें आणि ऊन, चिखल, साबण, खतें यांचा मारा मात्र पूर्वीइतकाच चालू राहतो. तेव्हां त्या वयापासून तिला बाहेरून थोडें साह्य करावें लागतें. तें किती थोडें पुरतें, आणि कोणतें मुळींच करूं नये, हें सांगण्याचा येथें आमचा हेतु आहे.

“आम्हांस आतां काय नवरदेव व्हावयाचें आहे?” असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. आपला चेहरा नीट दिसावा असें वाटण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या शिंगांस हौसेनें रंग देणाऱ्यानें तर तसें बोलूंच नये. परंतु शेतकऱ्याची कातडी हें आधीं अवजार आहे. ऐन लावणीच्या दिवसांत टाच फुटली म्हणजे कामास निघालेला माणूस घरीं बसतो. कापूस वेचतांना बोटांच्या पेरांस भेगा असल्या म्हणजे बोंडाचें प्रत्येक टोंक सुईसारखें लागतें. कोंकणांत तर फुटलेली टाच जिवावरहि बेतूं शकते. कारण उंदीर, घुशी व गुरें यांच्या मूत्रांतून भातखाचराच्या पाण्यांत उतरणारे लेप्टोस्पायरा नांवाचे जंतू शरीरांत शिरतात, ते विशेषेंकरून अशाच भेगांतून व ओरखड्यांतून.

चाळिशीनंतर नेमकें होतें काय, तें थोडक्यांत पाहूं. कातडीचा वरचा थर सारखा झिजत आणि खालून नवा येत असतो. तरुणपणीं हा फेरा सुमारें चार आठवड्यांत पुरा होतो. पुढें वयाबरोबर त्यास अधिकाधिक वेळ लागतो, आणि म्हणून विळ्याचा ओरखडा भरून यावयास पूर्वीपेक्षां अधिक दिवस लागतात. खालच्या थरांत कोलॅजन नांवाच्या तंतूंचें विणकाम असतें. घोंगडीच्या उभ्या-आडव्या धाग्यांप्रमाणें तें कातडीस बळकटी देतें. प्रौढ वयांत हे तंतू दरवर्षीं शेंकडा एक या मानानें कमी होत जातात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेलाच्या ग्रंथींचा कारभार मात्र स्त्री व पुरुष यांत सारखा नाहीं. पुरुषांत त्या उतारवयापर्यंत बऱ्यापैकीं काम देतात. स्त्रियांत ऋतु बंद होण्याच्या सुमारास त्यांचें काम बरेंच कमी होतें. घरधनिणीचे हात व पिंढऱ्या यजमानाच्या आधीं कोरड्या पडतात त्याचें हें एक कारण आहे. त्यांत भांडीं, धुणें आणि शेणगोठा यांची भर असतेच. यास्तव हा मजकूर वाचून झाल्यावर अंक कोनाड्यांत न ठेवतां घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.

परंतु ज्यास आपण वय म्हणतों त्यांतला मोठा भाग वस्तुतः ऊन आहे. याची परीक्षा घरबसल्या करतां येते. सदऱ्याची बाही वर सारून दंडाची आंतली बाजू पाहावी आणि तिच्या शेजारीं आपल्याच हाताचा पंजा पालथा धरावा. दोन्ही कातडीं एकाच दिवशीं जन्मास आलेलीं. एक मऊ, सारख्या रंगाचें व बिनसुरकुतीचें, तर दुसरें काळवंडलेलें, जाडेंभरडें आणि रेघारेघांचें. वयानेंच सर्व होतें तर दोहोंत इतकें अंतर पडतें ना. मानेच्या मागल्या बाजूस शंकरपाळ्याच्या आकाराच्या खोल रेघा पडतात त्याहि उन्हाच्याच.

ही गोष्ट आमची नवी नाहीं. जर्मनींतील हँबुर्ग बंदरांत उन्ना नांवाच्या त्वचारोगतज्ज्ञानें 1890 नंतरच्या दशकांत खलाशांच्या उघड्या अंगावरील कातडीचें वर्णन करून ठेवलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें बोर्दो येथील द्युब्रय या डॉक्टरास असें दिसून आलें कीं, चेहऱ्यावरील व हातांवरील कर्करोगाच्या गांठी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांस वारंवार होतात, शहरांत बसणाऱ्यांस क्वचित् होतात. ज्या बोर्दोच्या नांवाचें मोरचूद-चुन्याचें मिश्रण आमच्या द्राक्षबागाइतदारांच्या रोजच्या परिचयाचें आहे, तेंच हें गांव. अगदीं अलीकडे, 2012 सालीं, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकांत एका 69 वर्षांच्या मालमोटार-चालकाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. हा गृहस्थ 28 वर्षें गाडी हांकीत होता. तेथें चालक डावीकडे बसतो, त्यामुळें खिडकीचें ऊन सदा त्याच्या डाव्या गालावर येई. उजवा गाल साठीच्या माणसाचा असावा तसा आहे. डावा ऐंशीच्या पुढचा वाटतो. मधली कांच खालीवर असो, तिचा उपयोग थोडाच. कारण कातडीच्या खोल थरांत जाणारे अतिनील किरण साध्या कांचेंतून पार होतात. बंद कक्षाचा ट्रॅक्टर ज्यांनीं घेतला आहे त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

आमच्या सांवळ्या वर्णास निसर्गानें कांहीं कवच दिलें आहे हें खरें. युरोपियन माणसाच्या मानानें उन्हाचा कर्करोग आमच्यांत पुष्कळ कमी होतो. पण वांग, काळे डाग, सुरकुत्या आणि कातडीचा जाडपणा यांपासून तें कवच वांचवीत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळीं अतिनील किरणांचा अंक आमच्या प्रांतीं 11 वर जातो, आणि जागतिक मापनांत त्यापुढें पायरीच नाहीं. सकाळीं दहा ते सायंकाळीं चार हा काळ सर्वांत वाईट. त्या वेळीं शेतांत जाऊंच नका असा उपदेश शहरी मासिकांनीं करावा. आम्ही तो करणार नाहीं. मात्र कुळवणी, खुरपणी, वेचणी यांपैकीं जें काम सकाळच्या गारव्यांत होण्यासारखें असेल तें तेव्हां उरकून दुपार झाडाखालच्या कामास ठेवणें पुष्कळांच्या हातचें असतें.

ऊन अडविण्याचें मुख्य साधन कापड हें होय. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, सैल सदरा घालावा. विटका व विरलेला सदरा शेताकरितां राखून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती या दृष्टीनें उलटी आहे, कारण विरलेल्या कापडांतून ऊन गाळल्यासारखें आंत येतें. गांधी टोपीविषयीं आम्हांस पुरेपूर आदर आहे. पण तिला कड नाहीं, आणि नाक, कान व मान या तिन्हीं ठिकाणीं तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. जुन्या मुंडाशाचा वा पटक्याचा सोगा मानेवर रुळत असे, तो या कामीं पुष्कळ चांगला. त्याहून चांगली ती चार बोटें रुंद कडेची गवती किंवा कापडी टोपी. बाजारांत ती घालून गेल्यास लोक हंसतील, तर शेतांत घालावी. या बाबतींत आमच्या मजूर स्त्रियांनीं पुरुषांस मागें टाकलें आहे. लुगड्यावरून पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून आणि तोंडाला फडकें बांधून त्या उसाच्या व कापसाच्या रानांत उतरतात. ऊन, पानांची धार आणि कूस या तिहींचा बंदोबस्त एकाच वस्त्रांत होतो.

औषधाच्या दुकानांत ऊन अडविणारें मलम मिळतें. त्याच्या नळीवर ‘एसपीएफ’ या अक्षरांपुढें एक आंकडा असतो. 15 आंकड्याचें मलम कातडी भाजणाऱ्या किरणांपैकीं शेंकडा 93 अडवितें, 30 चें शेंकडा 97 आणि 50 चें शेंकडा 98. यावरून 30 च्या पुढें किती पैसे मोजावेत याचा हिशेब वाचकांनींच करावा. खोल जाणाऱ्या किरणांसाठीं त्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असें लिहिलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें. तें लावतांना चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकें लागतें, आणि घाम आल्यावर दर दोन तासांनीं पुन्हा लावावें लागतें. कुटुंबांतल्या चार माणसांनीं या प्रमाणांत वापरलें तर नळी आठवडाभरहि पुरणार नाहीं. आणि चण्याएवढें बोट फिरविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, ज्यांच्या गालांवर वांग आहे त्यांनीं तें नियमानें वापरावें, त्यांस तें औषधच आहे. इतरांनीं नाक, गालाची उंचवटी व कान एवढ्यापुरतें वापरावें, आणि बाकीचें काम कापडाकडे सोंपवावें.

आतां धुण्याविषयीं. येथें आमचे पुष्कळ वाचक भलत्याच उत्साहानें काम करतात. शेतांतून आलें कीं कढत पाणी, कपड्यांचा साबण आणि वर खरखरीत घासणी. हातपाय कोरडे ठणठणीत झाले, कातडी ओढल्यासारखी वाटली, म्हणजे स्वच्छ झालों असें समजतात. वस्तुतः ती ओढ हेंच नुकसानीचें पहिलें लक्षण आहे. कातडीच्या वरच्या थरांत पेशींच्या विटा आणि त्यांमध्यें चरबीचा गिलावा अशी रचना असते. निरोगी कातडी किंचित् आम्ल असते. साधा साबण बराच अल्कधर्मी असतो, कपड्यांचा तर अधिकच, आणि कढत पाण्याबरोबर तो हा गिलावा धुऊन नेतो. चोपण जमिनीवर पीक कां धरत नाहीं हें ज्यास ठाऊक आहे त्यास अल्काचा गुण निराळा सांगावयास नको. म्हणून पाणी कोमट किंवा गार घ्यावें. साबण कांखा, जांघा व पाय यांपुरता रोज लावावा. पाठीस, पोटास व पिंढऱ्यांस नुसत्या पाण्यानें काम भागतें. हात मात्र मळलेले असतील तेव्हां धुतलेच पाहिजेत. साबणाच्या वेष्टणावर ‘टीएफएम’ म्हणून आंकडा छापलेला असतो; तो साबणांतील चरबीजन्य भाग दाखवितो. भारतीय मानकांप्रमाणें तो निदान 76 असेल तर साबण पहिल्या प्रतीचा, 70 असेल तर दुसऱ्या आणि 60 असेल तर तिसऱ्या प्रतीचा. वासावरून व वेष्टणावरील चित्रावरून साबण घेण्यापेक्षां हा आंकडा वाचून घ्यावा. डाळीचें पीठ किंवा मसुरीचें पीठ दुधांत वा पाण्यांत कालवून वापरणाऱ्या आज्या कांहीं चुकत नव्हत्या. इंजिनाचें वंगण काढण्यासाठीं रॉकेल वा पेट्रोल हातांस लावण्याची खोड मात्र सोडावी. आधीं खाण्याचें तेल चोळून वंगण सुटूं द्यावें, मग साबण लावावा.

अंग पुसतांना तें खरखरून कोरडें करूं नये. पंचानें टिपून घ्यावें आणि कातडी दमट आहे तोंच तेल लावावें. या ‘दमट आहे तोंच’ यावर आमचा सर्व भर आहे. तेल कातडीस पाणी देत नाहीं. आंत आलेलें पाणी उडून जाऊं देत नाहीं, एवढेंच तें करतें. पावसानंतर वाफसा असतांना कुळवाची पाळी देऊन ओल मोडूं देत नाहींत, तीच ही युक्ति. वाळून खडखडीत झालेल्या अंगावर दुप्पट तेल ओतलें तरी तो गुण येत नाहीं. दिवाळीचें अभ्यंगस्नान नेमकें कोरड्या थंडीच्या तोंडाशीं ठेवणाऱ्यांस ऋतूची पारख होती, असें आम्हांस नेहमीं वाटतें. दुर्दैव इतकेंच कीं, आम्ही तो सण चार दिवसांत आटोपतों आणि थंडी पुढें तीन महिने राहते.

तेल कोणतें? महाग असण्याची गरज नाहीं. खोबरेल चांगलें, फिलिपाइन्स देशांत 2004 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कोरड्या कातडीवर खोबरेल व शुद्ध खनिज तेल यांची तुलना केली असतां दोहोंचा गुण सारखाच आला. करडई व सूर्यफूल यांच्या तेलांत लिनोलिक आम्ल विपुल असतें आणि कातडीच्या गिलाव्यास तें उपयोगी पडतें, म्हणून देशावरील वाचकांनीं घाण्याचें करडईचें तेल निःशंकपणें वापरावें. सुवासिक व रंगीत तेलें टाळावीं, कारण खाज सुटते ती बहुधा त्या वासाची. कोणतेंहि तेल जास्त लावून अंग चिकट करूं नये. धूळ बसते आणि घामोळें येतें. सर्व अंगास एक मोठा चमचा तेल पुरें होतें. चेहऱ्यास दोन-चार थेंब; ज्याचा चेहरा मुळांतच तेलकट व पुळ्यांचा आहे त्यानें तेवढेंहि लावूं नये.

टाचांस यापेक्षां अधिक कांहीं लागतें. तळपायाच्या कातडीस तेलाच्या ग्रंथीच नसतात. ती तरुणपणींहि घामाच्याच ओलीवर जगते, आणि अनवाणी चालण्यानें तिच्यावर जाड घट्टा चढतो. घट्टा लवत नाहीं, म्हणून तो तडकतो. आणि अंगाचा भार जितका जास्त तितकी भेग खोल. उपाय रात्रींचा आहे. निजण्यापूर्वीं पाव तास कोमट पाण्यांत पाय ठेवावे, मऊ झालेल्या घट्ट्यावर वज्री हलक्या हातानें फिरवावी, पाय टिपावे आणि लगेच कोकमतेल किंवा साधें व्हॅसलीन दाटसर चोळून जुने सुती मोजे चढवावे. कोकमतेल कोंकणांत गोळ्यांच्या रूपानें विकत मिळतें. तें अंगाच्या उष्णतेच्या सुमारास वितळतें, म्हणून हातावर चोळलें कीं पातळ होतें आणि टाचेवर राहतें. व्हॅसलीनचा अमेरिकन पेटंट 1872 सालचा आहे, आणि ओल धरून ठेवण्यांत त्यास मागें टाकील असें स्वस्त द्रव्य अद्यापि कोणी काढलेलें नाहीं. घट्टा फारच जाड असेल तर दुकानांत युरिया घातलेलें मलम मिळतें. शेंकडा 10 ते 20 युरिया घट्ट्यास मऊ करतो. नांव ओळखीचें आहे म्हणून कोणी गोणींतला युरिया पाण्यांत कालवून टाचेस थापूं नये. रसायन एकच असलें तरी गोणींतलें बाययुरेट आणि कचरा मलमांत नसतो, आणि उघड्या भेगेवर तो झोंबल्यावांचून राहणार नाहीं. ब्लेडनें घट्टा कापण्याचा उद्योग तर मुळींच करूं नये. महिनाभर हा क्रम चालविला म्हणजे बहुतेकांच्या टाचा भरून येतात. पुढें आठवड्यांतून दोन रात्री पुरतात.

पावसाळ्यांत हिशेब उलटा होतो. तेव्हां पायांस ओल कमी नसून अति असते. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सोलते, त्यासच आपण चिखल्या म्हणतों. तेथें तेल वा व्हॅसलीन कोंबूं नये. पाय स्वच्छ पाण्यानें धुऊन प्रत्येक बेचकें कोरड्या फडक्यानें पुसावें आणि पाय उघडे ठेवून वारा लागूं द्यावा. ओले बूट दुसऱ्या दिवशीं तसेच चढवूं नयेत. चिखलांत उतरण्यापूर्वीं टाचेच्या भेगांवर मात्र व्हॅसलीनचा थर द्यावा, आणि साधल्यास रबरी बूट घालावे. लावणीनंतर ताप, पिंढऱ्यांत कळा व डोळ्यांत लाली आल्यास अंगावर न काढतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

गाजर गवताविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत, कारण तें चाळिशीच्या शेतकऱ्याचा विशेष वैरी आहे. हें गवत आपल्या देशांत 1955 च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आलें, आणि त्याच्या स्पर्शानें होणाऱ्या त्वचारोगाचें वर्णन 1970 नंतरच्या दशकांत पुण्याकडील रोग्यांवरूनच झालें. वर्षानुवर्षें त्याशीं संबंध आल्यावर, बहुधा मध्यम वयांत आणि पुरुषांतच अधिक, एकाएकीं पापण्या, मान, कानामागची जागा व कोपरांचे सांधे यांस भयंकर खाज सुटते. पुढें कातडी जाड होऊन चेहरा काळवंडतो. गवतास हात लावावयासच पाहिजे असें नाहीं. वाळल्या गवताची धूळ वाऱ्यानें उडाली तरी पुरे. पुष्कळ जण यास उन्हाचा किंवा पित्ताचा विकार समजून वर्षें घालवितात. गवत फुलावर येण्यापूर्वींच, पूर्ण बाह्या व हातमोजे घालून उपटावें, लगेच स्नान करावें, आणि ते कपडे इतर कपड्यांत मिसळूं नयेत. ज्यास एकदां हा विकार जडला त्यानें उपटणीचें काम दुसऱ्याकडे द्यावें.

फवारणीच्या दिवशींचा नियम निराळा. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट कोणी विसरूं नये. औषध केवळ नाकातोंडांतून जातें असें नव्हे. भिजलेल्या सदऱ्यांतून तें कातडींत मुरतें. अमेरिकेंत पॅराथिऑन नांवाच्या कीटकनाशकावर 1971 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, हाताच्या पुढल्या भागाच्या मानानें कपाळाची कातडी तें चौपट शोषून घेते आणि जांघेंतील वृषणाची कातडी बारापट. म्हणून गळका पंप पाठीवर घेऊं नये, हातापायांस भेगा असणाऱ्यानें त्या दिवशीं फवारणीस जाऊं नये, आणि काम संपल्यावर तंबाखूची पुडी सोडण्याआधीं सर्वांगास साबण लावून भरपूर पाण्यानें स्नान करावें. साबणाची जी काटकसर आम्ही वर सांगितली ती या दिवशीं लागू नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे वळतों. आठवड्याच्या बाजारांत आणि औषधांच्या दुकानांतहि वांगावर, नायट्यावर आणि गोरेपणासाठीं म्हणून ज्या लहान नळ्या विकल्या जातात, त्यांतल्या पुष्कळांत तीव्र स्टेरॉइड असतें. पहिले पंधरा दिवस गुण विलक्षण येतो: खाज थांबते, डाग उजळतो. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसूं लागतात, बायकांच्या हनुवटीवर लव वाढते, आणि मलम बंद केलें कीं चेहरा पेटल्यासारखा होतो. म्हणून तें पुन्हा लावलें जातें. नायट्यावर लावल्यास वरून विझल्यासारखा दिसणारा नायटा आंतून पसरत जातो व पुढें साध्या औषधांस दाद देत नाहीं; गेल्या कांहीं वर्षांत घरेंच्या घरें नायट्यानें हैराण झालेलीं दिसतात, त्यास हें एक मोठें कारण आहे. 2018 सालीं सरकारनें अशीं बरींच मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. तरीहि दुकानदार देतो आणि आपण घेतों. नळीवर बारीक अक्षरांत ज्या द्रव्याच्या नांवाचा शेवट ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असा असेल, उदाहरणार्थ बीटामेथासोन अथवा क्लोबेटॅसॉल, ती डॉक्टरनें सांगितल्याशिवाय चेहऱ्यास लावूं नये. बिनकंपनीच्या गोरेपणाच्या डब्यांत तर पाराहि सांपडला आहे. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत 2023 पर्यंतच्या दोन-तीन वर्षांत अशीं मलमें लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांस विकार झालेला तेथील डॉक्टरांस आढळला. लग्नसराईच्या आधीं घरांतल्या मुलीबाळींच्या हातीं असा डबा दिसल्यास तो वडीलधाऱ्यांनीं उकिरड्यावरहि टाकूं नये, कारण पारा खतांतून रानांत जाईल; दवाखान्यांत नेऊन दाखवावा.

याप्रमाणें पाहतां रोजचें काम फारसें उरत नाहीं. सकाळीं कोमट पाण्याचें स्नान, दमट अंगास चमचाभर तेल, आणि घराबाहेर पडतांना डोकें, मान व बाह्या झांकणें. परत आल्यावर हातपाय नुसत्या पाण्यानें किंवा सौम्य साबणानें धुऊन हातांस दोन थेंब तेल. भांडीं व धुणें करणारणीनें तर प्रत्येक वेळीं. रात्रीं टाचांची व्यवस्था. सारें मिळून पाव तासाच्या वर जात नाहीं, पाय भिजत ठेवून हिशेबाची वही लिहितां येते. याबरोबर तंबाखू सोडतां आली तर तिचाहि गुण कातडीवर दिसतो, कारण धुरानें सुरकुत्या लवकर पडतात. पण तो विषय मोठा आहे व त्यावर आमचें कोणी ऐकत नाहीं.

कांहीं चिन्हें मात्र अशीं आहेत कीं, त्यांवर तेल व मलम यांत वेळ दवडूं नये. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असून त्यास खाज नाहीं आणि टांचणीचें टोंकहि कळत नाहीं, तर तो कुष्ठरोगाचा असूं शकतो. त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने घ्यावें लागतें आणि रोग पुरता बरा होतो; लपवून ठेवल्यास मात्र बोटें जातात. पायाची भेग किंवा फोड बरी होत नाहीं, पायांस मुंग्या येतात, वारंवार नायटा उठतो, अशा वेळीं रक्तांतली साखर तपासावी. मधुमेह पुष्कळदां कातडीवरूनच प्रथम ओळखूं येतो, आणि मधुमेह्यानें वज्रीहि डॉक्टरास विचारूनच वापरावी. ओठावर, कानावर अथवा जुन्या भाजल्याच्या वणावर महिनाभर न भरणारी जखम असेल, किंवा तळपायावर, तळहातावर वा नखाखालीं नवा काळा डाग उमटून पसरूं लागला असेल, तर जिल्ह्याच्या रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें. सांवळ्या वर्णाच्या माणसांत काळा कर्करोग विशेषेंकरून तळपायासच होतो. आपला तळपाय आपणांस नीटसा दिसत नाहीं. तेव्हां आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं सकाळीं, तो धुऊन, उजेडांत, घरांतल्या कोणास तरी दाखवावा.